निळ्या पेटीतील डॉक्टर

बंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागातील किंवा सर्जापूर रस्त्यावरील उंच इमारतींच्या आवारात संध्याकाळी पाचच्या सुमारास बाकांवर एक वेगळेच संमेलन भरलेले दिसते. कुणी कानपूरचे, कुणी विजयवाड्याचे, कुणी आपल्या कल्याण-सांगलीकडचे. मुलगा आणि सून संगणक कंपन्यांत नोकरीला, आणि नातवंडांच्या ओढीने गाव सोडून आलेली ही वडीलधारी मंडळी. शहराची हवा त्यांना मानवते. शहर मात्र लवकर ओळख देत नाही. फाटकावरचा रखवालदार ‘ऊटा आयता?’ अशी जेवणाची आपुलकीने चौकशी करतो आणि मान हलवण्यापलीकडे संभाषण सरकत नाही.

अशाच एखाद्या घरातील आजोबा डोळ्यांसमोर आणावेत. कल्याणच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या उंबरठ्यावर. मुलगा-सून वाहतुकीच्या कोंडीतून सुटून घरी येईपर्यंत रात्रीचे आठ वाजतात. तोवर घरात दोघेच: आजोबा आणि आठवीतला नातू. नातवाला मराठी समजते, पण बोलताना तो अडखळतो. त्याच्या पडद्यावर रोज एक इंग्रजी मालिका चालू असते, ‘डॉक्टर हू’. आजोबा शेजारी बसू लागले ते मालिकेच्या नव्हे, नातवाच्या ओढीने. इंग्लंडमधील उच्चार कानांना पेलेनात. पण खाली अक्षरे उमटत होती आणि वाचायला तर आजोबा पटाईत.

नवख्या प्रेक्षकाची पहिली प्रतिक्रिया बहुधा हसण्याची असते. रस्त्यावर पोलिसांसाठी ठेवलेली एक निळी लाकडी पेटी. तिचे दार उघडले की आत दिवाणखान्याहून मोठी जागा, आणि ती पेटी म्हणे कोणत्याही स्थळी आणि कोणत्याही काळात जाऊ शकते. ब्रह्मलोकी क्षणभर थांबून पृथ्वीवर परतलेल्या आणि मधल्या काळात युगे उलटून गेलेली पाहणाऱ्या रैवत राजाची कथा ठाऊक असलेल्या माणसाला यात बिचकण्यासारखे काही नव्हते. हसू आले ते ‘डॅलेक’ नावाच्या शत्रूचे. साऱ्या विश्वाचा थरकाप उडवणारे हे यंत्रराक्षस, आणि त्यांचा एक हात म्हणजे तुंबलेली मोरी मोकळी करायचा रबरी पंप! तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत मात्र त्यांचा तो कर्कश, यांत्रिक आवाज ऐकताच आजोबा सरसावून बसू लागले.

नातवाने त्यांना २००५ साली नव्याने सुरू झालेल्या मालिकेपासून बसवले होते. कातडी जाकिटातला, थोडा तुसडा पण मनाने हळवा असा तो डॉक्टर, म्हणजे अभिनेता ख्रिस्तोफर एकलस्टन, आजोबांना भावला. आणि तेराव्या भागाच्या अखेरीस तो प्रकाशझोतात विरून गेला व त्याच्या जागी कुणी भलताच तरुण उभा राहिला. ‘हा आपला डॉक्टर नव्हे,’ आजोबा जवळजवळ रागावून म्हणाले. ‘तोच आहे, आजोबा. फक्त चेहरा बदलला,’ नातू म्हणाला. ‘थोडे दिवस थांबा. हा पण आवडेल.’

मराठी रसिकाला एका नटाने अनेक माणसे उभी करण्याचे नवल नाही. १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकरांनी पाच रूपे वठवली. येथे प्रकार नेमका उलटा: माणूस एक आणि नट अनेक. ही कल्पना निघाली अडचणीतून. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा १९६६ साली निर्मात्यांनी ठरवले की हा परग्रहवासी मरणाच्या दारात पोहोचला की त्याला नवी काया मिळते. हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले आणि मालिकेला दीर्घायुष्याची किल्ली सापडली.

इतिहासाच्या शिक्षकाला मधूनच वाचायला घेणे रुचत नाही. ‘पहिल्या पानापासून लाव’ असा आजोबांनी हट्ट धरला. पहिले पान २३ नोव्हेंबर १९६३चे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या आदल्याच दिवशी झालेली. त्यामुळे पुढच्या शनिवारी तो भाग पुन्हा दाखवावा लागला. त्या कृष्णधवल भागात आजोबांना अनपेक्षित सोबती भेटले. डॉक्टर स्वतःच आजोबा होते: शुभ्र केसांचे, तिरसट, परक्या लंडनमध्ये नातीला घेऊन राहणारे. नातीच्या पाठोपाठ त्या पेटीत शिरलेले दोघे तिचे शिक्षक, एक विज्ञानाचे आणि दुसऱ्या बार्बरा राइट, इतिहासाच्या! मुलांना करमणुकीतून विज्ञान व इतिहास शिकवावा, असा मालिकेचा मूळ हेतू होता. १९६४च्या एका कथेत या बार्बराबाई अॅझ्टेक लोकांमधील नरबळीची प्रथा बंद पाडू पाहतात आणि हरतात.

त्या पहिल्या भागाच्या दिग्दर्शकाचे नाव वाचून आजोबांनी चित्र मागे घ्यायला सांगितले. वारिस हुसेन. जन्म लखनौचा, १९३८चा. म्हणजे तेव्हा वय जेमतेम २४. त्यांच्या आई अत्तिया हुसेन इंग्रजीत लिहीत. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबरीत लखनौच्या तालुकदार घराण्याची फाळणीपर्यंतची वाताहत आहे.

पहिल्यापासून पाहणाऱ्याला पुढे खड्डे लागतात. त्या काळी चित्रफीत महाग. एकदा दाखवून झाले की पुसून पुन्हा वापरायची, असा शिरस्ता होता. त्यात १९६०च्या दशकातील नव्वदहून अधिक भाग गेले. हार्टनेलचा ट्राउटन होतो तो भागही त्यांतच; मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात दाखवल्यामुळे बदलाचा तेवढा तुकडा वाचला. काही हरवलेल्या भागांच्या प्रती पुढे परदेशांत मिळाल्या, १९९२ साली हाँगकाँगमध्ये आणि २०१३ साली नायजेरियात. गमावलेल्या भागांचे आवाज मात्र सगळे शिल्लक आहेत, कारण काही प्रेक्षकांनी घरी दूरचित्रवाणीसमोर ध्वनिमुद्रक धरून ते टिपले होते. ज्यांना कुणी नेमले नव्हते त्यांनी दप्तर सांभाळले, याचे आजोबांना फार कौतुक वाटले.

मग एका संध्याकाळी नातवाने २०१८चा, विनय पटेल यांनी लिहिलेला पंजाबचा भाग लावला. डॉक्टर आता एक स्त्री आहे. तिच्यासोबतची यास्मिन ही शेफील्डची मुलगी. यास्मिनच्या आजीने तिला एक फुटके घड्याळ दिले आहे, ते कधीही दुरुस्त न करण्याच्या अटीवर. त्यामागची हकीकत मात्र सांगितलेली नाही. ती शोधत यास्मिन ऑगस्ट १९४७ मध्ये पोहोचते. तरुण आजीचे लग्न एका हिंदू तरुणाशी, प्रेमशी, लागते आणि सीमा आखली जाताच जमाव येतो. त्याला आणणारा प्रेमचा धाकटा भाऊ. डॉक्टरला सारे ठाऊक आहे. पण प्रेमला वाचवले तर यास्मिन जन्मालाच येणार नाही. ती पाठ फिरवून चालू लागते. मागे गोळीचा आवाज येतो. मरणाऱ्याजवळ उरतात ते दोन परग्रहवासी, एकाकी मरणाऱ्यांचे साक्षीदार व्हायचे व्रत घेतलेले.

नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, ‘आजोबा, तुमच्या ओळखीचं कुणी होतं का, तिकडून आलेलं?’

कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावण्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे ठेवले. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या छावणीतला एक सिंधी मुलगा आजोबांच्या बाकावर तीन वर्षे बसत असे. शाळेपूर्वी तो लोकलमध्ये गोळ्या विकायचा. ‘कुठून आलास’ असे त्याला वर्गातल्या कुणीच विचारले नाही, आजोबांनीही नाही. पुढे शिक्षक म्हणून त्यांनी दरवर्षी फाळणीचा धडा शिकवला, तारखा फळ्यावर लिहिल्या. तो मुलगा त्या धड्यात कधी आला नाही.

हे त्यांनी मराठीतच सांगितले, मध्ये न थांबता. नातवाने पुढचा भाग लावला नाही. साडेआठला मुलगा-सून घरी आले तेव्हा पडद्यावर चित्र थांबलेले होते आणि नातू अडखळत, पण मराठीत विचारत होता, ‘त्याचं नाव काय होतं?’

नाव आठवायला आजोबांना थोडा वेळ लागला.