रायपूरची छोटी रेल्वे आणि वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती

छत्तीसगडमधील रायपूर–धमतरी ही नॅरोगेज रेल्वे आता इतिहासजमा झाली आहे. बंगाल नागपूर रेल्वेने १९०० मध्ये सुरू केलेल्या या मार्गावर दोन रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होते. अभनपूरहून एक फाटा राजिमला जात असे. वाफेच्या इंजिनांची जागा पुढे डिझेल इंजिनांनी घेतली. २०१७ मध्ये रायपूर ते केंद्री हा भाग बंद झाला. ३० मार्च २०२५ रोजी रायपूर–अभनपूर मार्गावर ब्रॉडगेजची मेमू गाडी धावू लागली. रूळ उखडल्यानंतर अशा रेल्वेचे रूप जपण्याचा एक मार्ग उरतो, तो म्हणजे मोजमापानुसार घडवलेली प्रतिकृती.

प्रमाणाचे गणित

जगभरात ‘एचओ’ हे प्रमाण सर्वाधिक प्रचलित आहे. त्यात मूळ वस्तू ८७ पटींनी लहान केली जाते. पुण्यात कोथरूड येथील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयातील गाड्याही याच प्रमाणातील आहेत. एचओचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या गेजवर बेतलेले आहेत. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा असल्याने त्याच्या प्रतिकृतीला सुमारे १९.३ मिलिमीटरचे रूळ लागतात. तयार रुळांवर ठेवलेले भारतीय इंजिन त्यामुळे नेहमीच थोडे चुकीचे दिसते.

नॅरोगेजची गोष्ट वेगळी आहे. ७६२ ला ८७ ने भागल्यास उत्तर सुमारे ८.७६ येते आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात. फरक केवळ पाव मिलिमीटरचा राहतो. म्हणजे जी रेल्वे नाहीशी झाली, तिचीच प्रतिकृती अधिक अचूक करता येते.

संच ते इंजिन

इंजिनाच्या संचात पातळ पितळी पत्रे आणि मिश्रधातूचे ओतीव भाग असतात. पत्र्यावरील आकार रसायनाने कोरलेले असतात. ते कापून, वाकवून सोल्डरने जोडावे लागतात. ओतीव भाग कमी उष्णतेतही वितळतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे सोल्डर वापरतात.

सर्वांत कठीण काम चाकांचे असते. बंगाल नागपूर रेल्वेच्या नॅरोगेजवरील ‘सीसी’ वर्गाच्या इंजिनांना पुढे चार, मध्ये सहा आणि मागे दोन चाके होती. त्यांपैकी मधल्या सहा चाकांनाच वाफेची शक्ती मिळत असे. डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकमध्ये ९० अंशांचा कोन ठेवावा लागतो. त्यामुळे एका बाजूचा दट्ट्या टोकाला पोहोचून निष्प्रभ झाला, तरी दुसरी बाजू इंजिन ओढत राहते. प्रतिकृतीत मोटर विजेची असते. तरीही हा कोन तिन्ही आसांवर तंतोतंत सारखा नसल्यास जोडदांडे अडकतात आणि इंजिन लंगडत चालते.

तपशिलांचे मोल

बहुतेक संच परदेशी इंजिनांचे असतात. भारतीय रूप देण्यासाठी चिमणी, दिवा, चालकाच्या कक्षाचे छप्पर, पाण्याच्या नळ्या आणि क्रमांकाच्या पाट्या नव्याने कराव्या लागतात. जुनी छायाचित्रे साहाय्य करतात, पण एका छायाचित्रात इंजिनाची एकच बाजू दिसते आणि वरचा भाग बहुधा झाकलेलाच राहतो.

म्हणून प्रत्यक्ष इंजिनाला पर्याय नाही. नागपूरच्या मोतीबाग येथे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाले. मध्य भारतातील अरुंद मार्गांवरील सामग्री तेथे जवळून पाहता येते. संग्रहालयात इंजिन टिकते, पण त्याच्यामागचे डबे, स्थानक आणि फाटकासह पूर्ण दृश्य उभे राहते ते प्रतिकृतीतच. त्यासाठी लागणारी मोजमापे आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी वेळीच नोंदवल्या गेल्या, तर धमतरीची गाडी निदान टेबलावर तरी धावत राहील.