एकच दमदार की दोन जोडीने?

भिलाईजवळच्या चरोद्यात दोन इंजिनांची मालगाडी कुणाला नवी नाही. रेल्वेचे मोठे मार्शलिंग यार्ड तिथेच आहे. भरलेली लांबलचक गाडी एका इंजिनाला झेपत नसेल तर दुसरे जोडतात. दोघांचा जोर एक होतो आणि गाडी हलते. त्यामुळे अशा रेल्वे वसाहतीतल्या घरात चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, गेमसाठी महागडे ग्राफिक्स कार्ड नको. आहे त्याच्या जोडीला तसलेच एक जुने घेऊ,’ तर बाबांना ते चटकन पटेल. पैसेही वाचतील असे वाटेल. पण नेमका इथेच हिशेब चुकतो.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाचा चित्रकार. खेळ सुरू असताना तो सेकंदाला साठ किंवा त्याहूनही जास्त चित्रे काढतो. दोन चित्रकारांना कामाला लावण्याची कल्पना जुनीच आहे. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ‘वूडू-२’ची दोन कार्डे पडद्यावरच्या ओळी आलटून पालटून रंगवत. पुढे २००४ मध्ये एनव्हिडियाने ‘एसएलआय’ आणि २००५ मध्ये एटीआयने ‘क्रॉसफायर’ आणले. त्यात बहुधा एक चित्र पहिल्या कार्डाने तर पुढचे दुसऱ्याने काढायचे, अशी वाटणी असे.

घोटाळा काय होतो, ते स्वयंपाकघरात लगेच कळते. दोन तव्यांवर दोन भाकऱ्या एकदम होतात, पण एक भाकरी काही अर्ध्या वेळात भाजून निघत नाही. शिवाय दोन्ही तवे सारख्या अंतराने भाकरी देतील याचीही खात्री नसते. तसेच चित्रांचे होते. त्यांची संख्या वाढते, पण ती मागेपुढे आली की खेळ अडखळल्यासारखा वाटतो. मेमरीचीही बेरीज होत नाही. प्रत्येक कार्डाला तीच माहिती आपापल्याजवळ ठेवावी लागत असल्याने ८ जीबीची दोन कार्डे मिळून खेळाला ८ जीबीच कामी येते.

त्यातच २०१५ मध्ये आलेल्या ‘डायरेक्टएक्स १२’ने दोन कार्डांना कामाला लावण्याची जबाबदारी मुख्यतः खेळ बनवणाऱ्यांवर टाकली. फार थोड्यांनी ती मनावर घेतली. जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने ‘एसएलआय’साठी नव्या खेळांची जुळणी करून देणे थांबवले. २०२२ मध्ये आलेल्या तिच्या ४० मालिकेतल्या गेमिंग कार्डांना तर जोडणीची सोयच नव्हती. आज बहुतेक नव्या खेळांत दुसरे कार्ड नुसते बसून राहते.

खर्च मात्र दुहेरी. २५० वॅटचे दुसरे कार्ड पूर्ण जोराने रोज चार तास चालले, तर महिन्याला तीस युनिट वीज जास्त जळेल. ती सारी उष्णता खोलीतच राहणार, आणि भिलाईचा मे महिना काही थंड नसतो! त्यात मोठा पॉवर सप्लाय आणि दोन कार्डे मावतील असा मदरबोर्ड हवा.

मग दोन कार्डे निरुपयोगीच का? तसे नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला, तो अनेक प्रोसेसरांना एकत्र राबवूनच. कामाचे सुटे भाग पाडता आले की अनेक हात उपयोगी पडतात. ॲनिमेशनची चित्रे सावकाश तयार करून ठेवायची असतील, तर आजही दोन कार्डे वेळ वाचवतात. खेळातले चित्र मात्र त्याच क्षणी हवे असते.

म्हणून घरात हा प्रश्न निघाला, तर आधी मॉनिटर केवढा, पॉवर सप्लाय किती वॅटचा आणि मुलगा नेमके कोणते खेळ खेळतो, हे पाहावे. मग जुने कार्ड विकून त्या पैशांत थोडी भर घालावी आणि झेपेल तेवढे एकच चांगले कार्ड घ्यावे. काही महिने थांबावे लागले तरी हरकत नाही. हौस पुरी होईल आणि घरच्या खर्चाची गाडीही रुळावर राहील.