हौद्यातून बॉनेटवर

त्र्यंबकेश्वरच्या पुढे हरिहर गडाच्या पायथ्याकडे किंवा इगतपुरीवरून वैतरणा धरणाच्या मागच्या अंगाला डांबर संपले, की गाडीच्या रंगाची परीक्षा सुरू होते. दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरी अंगावर आलेली असते, मधल्या पट्ट्यात पावसाने उघडे पाडलेले काळे बेसाल्टचे धोंडे असतात. गाडी परत येते तेव्हा इंजिनाला काही झालेले नसते, टायर शाबूत असतात. पण बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत ओरखड्यांच्या लांब रेघा उमटलेल्या असतात आणि दाराखालच्या पट्टीवरचा रंग खडीने टिपून नेलेला असतो. जगभरातल्या ऑफ-रोडवाल्यांनी यावर एक उपाय काढला आहे. पिकअपच्या हौद्यात मारायचा जाड, दाणेदार लेप सबंध गाडीवर बाहेरून मारायचा. त्या लेपाचे नाव बेडलायनर.

नाशिकचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या महिंद्राच्या कारखान्यात बोलेरो बनते, २००२ ची स्कॉर्पिओ इथेच घडली आणि २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेली नवी थारही इथूनच बाहेर पडते. त्याच कंपनीची ऑफ-रोड ड्रायव्हिंग शिकवणारी अकादमी इगतपुरीजवळ आहे. ज्या जिल्ह्यात थारला रंग चढतो, त्याच जिल्ह्यात तो खरवडलाही जातो.

कारखान्यातला रंग कमी दर्जाचा असतो, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. आजच्या मोटार कारखान्यात उघडा पत्रा आधी धुतला जातो, त्यावर फॉस्फेटचा थर बसवतात, मग अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर चढवतात. हा थर सांध्यासांध्यांत, पोकळ पट्ट्यांच्या आतसुद्धा पोचतो आणि गंजाशी खरी लढाई तोच लढतो. त्यावर प्रायमर, रंग आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट, टप्प्याटप्प्याने भट्टीत भाजून. एवढे सगळे करून एकूण जाडी भरते साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. रस्त्यावर दहा-पंधरा वर्षे तेवढे पुरते. करवंदीच्या काट्याला मात्र वरचा क्लिअर कोट चिरायला फारसा जोर लागत नाही. थारचे बंपर आणि चाकांवरच्या कमानी कंपनीने रंगवलेल्याच नाहीत, त्या अंगच्याच काळ्या प्लास्टिकच्या आहेत. दगड कुठे बसणार, हे गाडी आखणाऱ्यांना ठाऊक होते.

बेडलायनरचा जन्म अमेरिकेतला. तिथे पिकअप घरोघरी, आणि तिच्या हौद्यात लाकडाचे ओंडके, अवजारांच्या पेट्या, रेती-खडी काय वाटेल ते टाकले जाते. हौद्याचा पत्रा खरवडून गंजू नये म्हणून आधी प्लास्टिकचे तयार साचे आले. हौद्यात नुसते ठेवायचे, बस. पण साचा आणि पत्रा यांच्या फटीत पाणी साचे, धूळ जाई, गाडी हलली की साचाच पत्र्याचा रंग घासून काढी, आणि वरून नवाकोरा दिसणारा हौदा खालून सडून जाई. मग फट उरूच नये म्हणून लेप थेट पत्र्यावर फवारायची कल्पना पुढे आली. सॅन दिएगोची ऱ्हायनो लायनिंग्ज ही कंपनी १९८८ ची, लाइन-एक्स १९९३ ची. या दोन नावांनी हा धंदा अमेरिकेत गावोगावी नेला.

त्यामागचे रसायन आणखी जुने आहे. ओटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये लेव्हरकूझेनला पॉलियुरेथेन घडवले. आयसोसायनेट नावाचा एक घटक आणि पॉलिऑल नावाचा दुसरा, दोन्ही एकत्र आले की लांब साखळ्या बनतात. घटक बदलावेत तसा माल बदलतो. गादीचा फोम, बुटाचा तळवा, फर्निचरचे पीयू पॉलिश आणि शोरूममध्ये नव्या गाडीवर चढवतात ती पारदर्शक पीपीएफ फिल्म ही सगळी याच घराण्यातली. पॉलिऑलच्या जागी अमाइन घातले की पॉलियुरिया मिळते. ती काही सेकंदांतच घट्ट होते, म्हणून दोन घटक तापवून, प्रचंड दाबाने, गनच्या तोंडाशीच एकत्र आणावे लागतात. असा गरम फवारलेला लेप सहज दोन-तीन मिलिमीटर जाड बसतो आणि रबरासारखा ताणला जातो. स्फोटात भिंतीचे तुकडे उडून माणसे मरू नयेत म्हणून अमेरिकी हवाई दलाच्या संशोधकांनी याच जातीचे लेप भिंतींवर फवारून चाचण्या घेतल्या होत्या.

हे गरम यंत्र महाग असते आणि ते प्रत्येक गॅरेजवाल्याच्या आवाक्यातले नाही. बॉनेटपर्यंत बेडलायनर पोचवला तो दुसऱ्या, साध्या प्रकाराने. ब्रिटनच्या यू-पोल कंपनीचा रॅप्टर हे त्यातले सर्वांत माहितीचे नाव. बाटलीत ७५० मिलिलिटर माल असतो आणि वर मोकळी जागा ठेवलेली असते; त्यात २५० मिलिलिटर हार्डनर ओतायचा, बाटली हलवायची, तीच गनला फिरवून बसवायची आणि नेहमीच्या काँप्रेसरवर फवारायचे. तीन भाग माल, एक भाग हार्डनर. हवा तो रंग त्यात मिसळता येतो, त्यामुळे गाडी काळीच दिसली पाहिजे असे नाही. दोन हातांत मिळून जाडी कारखान्याच्या रंगाच्या दुप्पट-तिप्पट होते. दाणा किती जाड ठेवायचा ते पेंटरच्या हातात असते. हवेचा दाब वाढवला की दाणा बारीक पडतो, कमी केला की जाड.

तेवढ्यावरून काम सोपे वाटते. फवारणी सोपी आहेच, अर्ध्या दिवसाची. तिच्याआधीचे तीन-चार दिवस हे खरे काम.

गाडीचे दिवे, हँडल, रबरी पट्ट्या, लोगो, आरसे सगळे उतरवावे लागते. मास्किंग टेप लावून भागवले तर लेप टेपच्या कडेवरून चढतो, वाळल्यावर टेप ओढला की कड फाटते आणि पहिल्याच पावसात तिथून पाणी आत शिरते. जुना चकचकीत रंग पॉलिश पेपरने घासून मंद करावा लागतो. क्लिअर कोटची चमक एका कोपऱ्यात जरी राहिली तरी लेप तिथे धरत नाही आणि पुढे प्रेशर वॉशरच्या एका फटक्यात पापडी उचलली जाते. मेण, सिलिकॉनचे पॉलिश, हाताचे तेल हे सगळे पुसून काढायचे. जिथे पत्रा उघडा पडला असेल तिथे इपॉक्सी प्रायमर हवाच. लांबी (पुट्टी) भरून केलेली बारीकसारीक डेंटिंगची कामे जाड दाण्याखाली झाकली जातात, त्यामुळे चुकार पेंटर इथेच घाई करतो. गाडी गॅरेजमधून बाहेर पडते तेव्हा चांगले काम आणि वाईट काम हुबेहूब सारखे दिसते. फरक कळायला एक पावसाळा जावा लागतो.

पावसाळा हा तर इथला मोठा हिशेब. इगतपुरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पंचेचाळीस किलोमीटरवरच्या नाशिक शहरात ७०० च्या आसपास. आयसोसायनेटला पाण्याचे वेड आहे. हवेतली वाफ मिळाली की ते पॉलिऑल सोडून तिच्याशी संग करते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. त्याचे बुडबुडे लेपात अडकतात आणि सुईच्या टोकाएवढी भोके उरतात. ओल्या हवेचा त्रास जुन्या पेंटरांना वेगळ्या रूपाने माहीत आहेच, अशा हवेत ड्युको रंग मारला की पांढरा पडतो. उन्हाळ्याचा त्रास उलटा. मिसळलेला माल २० अंशांना साधारण तासभर चालतो. एप्रिलमध्ये चाळिशीला पोचलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो त्याच्या कितीतरी आधी गनमध्ये घट्ट व्हायला लागतो. निफाडची थंडी पडली की पहाटे पत्र्यावर दव धरते. हा सगळा विचार करता नाशिकमध्ये या कामाचे दिवस म्हणजे दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या कोरड्या दुपारी. घाईच्या गिऱ्हाईकाला ते पटवून देणे हे चांगल्या पेंटरच्या कामाचा भागच आहे.

लेप गंज थांबवतो, हे अर्धे खरे आहे. स्वच्छ पत्र्यावर बसलेला लेप पाणी आणि हवा दोन्ही दूर ठेवतो. पण गंज आधीच लागलेला असेल आणि वरून लेप मारला, तर तो गंज आता डोळ्यांआड गेला एवढेच. साध्या रंगाखाली गंज धरला तर फोड येतो आणि मालक जागा होतो. जाड लेपाखाली फोड उशिरा दिसतो, तोवर पत्रा आतून चाळण झालेला असू शकतो. कोकणात आणि गोव्यात वावरलेली, खारी हवा खाल्लेली जुनी जीप घेऊन तिच्यावर बेडलायनर मारणाऱ्याने आधी ती सँडब्लास्ट करून घ्यावी. तेवढी तयारी नसेल तर बेडलायनरचा विचार सोडावा.

आणखी एक गोष्ट माल घेताना सांगितली जात नाही. स्वस्तातले काळे लेप बहुधा अ‍ॅरोमॅटिक जातीच्या आयसोसायनेटचे असतात. हौद्याला ते चालतात. उन्हात मात्र त्यांचा रंग उतरतो, वर खडूसारखी भुकटी धरते आणि काळ्याचा राखाडी होतो. बाहेरच्या अंगाला अ‍ॅलिफॅटिक जातीचाच माल लागतो, तो उन्हाला टिकतो आणि महाग असतो. डब्यावर हे पाहून घेणे मालकाचे काम.

या कामातली सर्वांत गंभीर बाब गाडीची नाही, फवारणाऱ्या माणसाची आहे. आयसोसायनेट हा शब्द मराठी घरांत पोचला तो डिसेंबर १९८४ च्या भोपाळमुळे. तिथले मिथाइल आयसोसायनेट अत्यंत उडून जाणारे होते. हार्डनरमधली आयसोसायनेटे वेगळी, त्यांची वाफ फार कमी होते. पण गनमधून फवारा उडाला की वाफ होण्याची वाट पाहावी लागत नाही, बारीक थेंबच श्वासात जातात. काहींच्या शरीराला त्याची एकदा अ‍ॅलर्जी बसली, की पुढे अगदी थोड्या फवाऱ्यानेही दम लागतो, आणि तो दमा बहुधा जन्माचा असतो. ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगांची फवारणी मोजली जाते. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काहीच अडवत नाही. कोळशाचा कार्ट्रिज मास्कही भरवशाचा नाही, कारण धोक्याच्या पातळीला या रसायनाचा वास येत नाही आणि कार्ट्रिज संपल्याचे पेंटरला कळत नाही. बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, अंगभर सूट आणि हवा ओढून नेणारी बंद खोली एवढे लागतेच. फवारा थांबल्यानंतरही खोलीतली हवा निवळेपर्यंत मास्क काढायचा नसतो. शहरातल्या कितीतरी गॅरेजांमध्ये पेंटर आजही रस्त्याकडेच्या शेडमध्ये रुमाल बांधून टू-के रंग मारताना दिसतो. त्याच्याकडून बेडलायनर मारून घेणे म्हणजे आपल्या हौशीचा खर्च त्याच्या फुप्फुसावर टाकणे आहे.

कायद्याचेही पाहावे लागते. आरसी बुकात गाडीचा रंग नोंदलेला असतो. रंग बदलला तर ती नोंद आरटीओत बदलून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. जीपच्या शौकिनांना लष्करी हिरव्याची ओढ असते. लष्कराच्या जुन्या जीपवरचा न चमकणारा खरखरीत रंग हाच तर बेडलायनर मारलेल्या गाडीचा आदर्श. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२१ व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवला आहे. थारला त्यातून सूट नाही.

मग मारावा की नाही? हौद्यात निःशंक मारावा. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचे क्रेट, लासलगावला कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्या पिकअपच्या हौद्यात क्रेट ओढून ओढून दोन हंगामांत पत्रा उघडा पडतो. तिथे या लेपाचा पैसा वसूल होतो, शिवाय दाण्यामुळे क्रेट घसरत नाहीत. डोंगरात जाणाऱ्या गाडीच्या दाराखालच्या पट्ट्या, मडगार्डच्या आतल्या बाजू, लोखंडी बंपर आणि आतली जमीन यांवरही तो शोभतो आणि उपयोगी पडतो. ओरखडा पडलाच तर तेवढ्याच जागी पुन्हा फवारता येतो, सांधा दाण्यात दिसत नाही. पत्र्याचा खडखडाट कमी होतो, हा वरचा फायदा.

सबंध गाडीवर मारायचा, तर गाडी आयुष्यभर आपल्याकडेच राहणार आहे असे ठरवून मारावा. हा लेप थिनरने निघत नाही, ग्राइंडरने खरवडावा लागतो. त्र्यंबकची लाल माती दाण्यांत रुतते आणि फडक्याने पुसली जात नाही. चमक कधीच येणार नाही. पत्र्याला पोच आला तर ठोकून, लांबी भरून, पुन्हा सगळा पॅनेल फवारावा लागतो. विकायला काढली तर गिऱ्हाईक खाली काय दडवले आहे असे विचारणार, आणि त्याचा संशय रास्त असणार. वजनाची भीती मात्र फुकाची. १ मिलिमीटर जाडीच्या १ चौरस मीटर लेपाला लीटरभर माल लागतो. बाहेरचा १२ चौरस मीटर पत्रा पाव मिलिमीटरने झाकला तर गाडी तीन-चार किलोने जड होते. गरम पॉलियुरियाचे दोन मिलिमीटर चढवले तर पंचवीस किलोंच्या पुढे.

ज्यांची गाडी महिन्यातून एकदा डोंगर पाहते, त्यांनी कंपनीचा रंग जपावा आणि खालच्या अंगालाच लेप मारून थांबावे. ज्यांची गाडी रानातच असते त्यांनी खुशाल सगळी मारावी. मात्र गाडी सोपवण्याआधी गॅरेजमध्ये हवेच्या नळीचा मास्क आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. नसेल तर गाडी तशीच परत न्यावी.