सांधा दिसतो तसा असतो का?

घरातल्या प्लगवर चालणारी आणि तार आपोआप पुढे सरकवणारी वेल्डिंगची छोटी यंत्रे आता सहज मिळतात. शाळेच्या कार्यशाळेत, शेतावरच्या शेडमध्ये, हौशी कारागिराच्या पडवीत ती दिसू लागली आहेत. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चौकोनी नळ्यांची टेबले, खिडक्यांच्या जाळ्या यांसाठी ती उत्तमच. पण टेबल जमले की पुढची उडी ट्रॉलीच्या हुकावर किंवा झोपाळ्याच्या कडीवर जाते. तेथे १० किंवा १२ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट असते. यंत्र तिच्यावरही तशीच गुळगुळीत, एकसारखी रेघ ओढते. हातोड्याचे दोन-चार घावही ती सोसते. मग भरलेली ट्रॉली चढावर असताना हूक सुटतो, आणि पाहावे तर वेल्डिंगची अख्खी रेघ कोठेही न तुटता सालीसारखी प्लेटवरून निघालेली असते.

असे का व्हावे? पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सियसला वितळते. वेल्डिंगच्या प्रज्योतीचे, म्हणजे ज्याला कारागीर आर्क म्हणतात तिचे, तापमान याच्या कितीतरी पट असते. मग प्लेट जाड असो की पातळ, ती वितळायलाच हवी, असे वाटणे साहजिक आहे. या समजुतीत तापमान आणि उष्णता यांची गल्लत आहे. फुलबाजीची ठिणगी लालभडक तापलेली असते, तरी हातावर पडली तर सहसा नुसता चुरका बसतो. तिचे तापमान मोठे, पण तिच्याजवळची उष्णता अगदी थोडी. वेल्डिंगमध्ये प्रश्न असा विचारायला हवा, की दर सेकंदाला किती उष्णता येते आणि त्यातली किती निसटून जाते?

थोडा हिशोब करू. छोटे यंत्र १८ व्होल्ट आणि १२० अँपिअरवर चालत असेल, तर प्रज्योतीची शक्ती २१६० वॅट होते. साधारण चार-पंचमांश उष्णता कामावर पोहोचते असे धरले, तर सुमारे १७०० वॅट हाती लागतात. एक ग्रॅम पोलाद खोलीच्या तापमानापासून वितळवायला अंदाजे १३०० ज्यूल लागतात. ०.८ मिलिमीटर व्यासाची तार मिनिटाला सात मीटर वेगाने येत असली, तर सेकंदाला जवळजवळ अर्धा ग्रॅम पोलाद येते. म्हणजे ६०० वॅट नुसती तार वितळण्यात खर्च झाले. उरलेल्या ११०० वॅटमध्ये प्लेटची कड वितळवायची, आणि ती कड तर उष्णता सतत आत पळवत असते.

ती किती लवकर पळते ते जाडीवर ठरते. उष्णतेला एखादे अंतर पसरत जायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पोलादाच्या ३ मिलिमीटर पत्र्यात उष्णता पाऊण सेकंदात पाठीपर्यंत पोहोचते. पुढे हवाच असल्याने तिला आडवेच पसरावे लागते. १२ मिलिमीटरच्या प्लेटमध्ये जाडी चौपट, म्हणून वेळ सोळापट, म्हणजे सुमारे बारा सेकंद. सेकंदाला ५ मिलिमीटर वेगाने जाणारा हात तेवढ्यात सहा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. त्या ठिकाणापुरती जाड प्लेटला पाठच नसते. उष्णता खाली, बाजूला, सगळीकडे जाते, आणि कड वितळण्याआधीच थिजते.

हे वर्गात दाखवता येते. २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न घ्या. पातळ तांब्याच्या तारेवर राळ लावून डाख दिला तर तो पाण्यासारखा पसरतो. तोच डाख पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पितळी ठोकळ्यावर दिला, तर त्याची गोळी होते आणि नखाने उडवता येते. ठोकळा स्पिरिटच्या दिव्यावर तापवून पुन्हा करा, डाख धरतो. (डाखात मूळ धातू वितळत नाही, हा फरक मुलांना सांगावा. प्रयोग खिडकी उघडी ठेवून करावा.)

आता तारेच्या यंत्राचा खास दोष. जुन्या पद्धतीच्या वेल्डिंगमध्ये करंट फारच कमी पडला तर रॉड प्लेटला चिकटून बसतो आणि कारागिराला लगेच कळते. तारेचे यंत्र अशी तक्रार करत नाही. प्लेट वितळो न वितळो, मोटर तार ढकलतच राहते. कमी करंटवर ही तार सेकंदाला पन्नास-शंभर वेळा वितळलेल्या धातूला टेकते, क्षणभर प्रज्योत विझते आणि पुन्हा पेटते. कढईत भजी तळल्यासारखा जो आवाज येतो तो याचाच. त्यामुळे पातळ पत्रा जळत नाही, पण जाड प्लेटला उष्णता अपुरी पडते. वितळलेला धातू थंड प्लेटवर, तिच्यावरच्या काळ्या-निळ्या खपलीवर नुसता पडून राहतो. यावर उपाय म्हणून बरेच जण हात सावकाश नेतात. तोही फसवा आहे. फार सावकाश गेले की वितळलेला धातू प्रज्योतीच्या पुढे वाहतो, आणि प्रज्योत प्लेटवर न पडता त्या धातूच्या गादीवर पडते. प्रज्योत नेहमी वितळलेल्या डबक्याच्या पुढच्या काठावर असावी.

जाड प्लेट या यंत्राने जोडायचीच असेल, तर सर्वांत मोठा उपयोग ग्राइंडरचा होतो. दोन्ही कडा तीस-तीस अंश तासून व्ही आकाराची खाच करतात, तळाशी एक-दोन मिलिमीटरची बोथट कड आणि दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवतात. खाच फक्त धातू भरायला जागा व्हावी म्हणून करतात, असे विद्यार्थी लिहितात. आमच्या मते निम्मे महत्त्व दुसऱ्याच गोष्टीला आहे. खाचेच्या तळाशी प्लेट पातळ आहे, उष्णतेला पळायला वाट अरुंद आहे, आणि यंत्राला जणू आपल्या आवाक्यातला पत्राच मिळतो. त्यावर एकेक थर द्यायचा. आधीचा थर पुढच्याला थोडी ऊब देतो. खपली आणि गंज मात्र आधी घासून काढलेच पाहिजेत.

प्लेट आधी तापवण्याबद्दल अतिशयोक्ती फार ऐकू येते. १५०० अंशांच्या तुलनेत १५० अंश म्हणजे किती? वितळण्याला त्याने थोडीच मदत होते. खरा फायदा थंड होण्याच्या वेगात आहे. डॅनिएल रोझेंथाल यांनी १९४१ साली मांडलेल्या गणितानुसार, जाड प्लेटमध्ये एखाद्या तापमानाला थंड होण्याचा वेग हा ते तापमान आणि प्लेटचे सुरुवातीचे तापमान यांतील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ५५० अंशांना ३० अंशांच्या प्लेटवर हा फरक ५२०, आणि १५० अंशांच्या प्लेटवर ४००. वर्ग करून पाहिले तर वेग सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. जास्त कार्बनच्या पोलादात वेगाने थंड झालेला भाग ठिसूळ होऊन तडकतो, तेथे हे फार मोलाचे. साध्या मऊ पोलादात ओलावा निघून जातो, हाही लाभ आहे. पण कमी करंटची भरपाई त्याने होत नाही.

आणखी एक गोष्ट. ही यंत्रे कमाल करंटवर दहा मिनिटांत बहुधा दोनच मिनिटे चालवायची असतात, आणि जाड प्लेट तर कमाल करंटच मागते. त्याच सॉकेटवर चालणारे रॉडचे छोटे वेल्डिंग यंत्र जाड प्लेटला पुष्कळदा बरे पडते, कारण त्याची प्रज्योत दर क्षणी विझत नाही. माणसाच्या जिवाचा भार ज्यावर असेल तो सांधा मोठ्या यंत्रावर, जाणत्या हाताकडूनच करून घ्यावा.

ही बाब केवळ हौशी लोकांची नाही. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिजला भूकंप झाला. त्यानंतर शंभराहून अधिक पोलादी इमारतींत तुळई आणि खांब यांच्या सांध्यांना तडे गेलेले आढळले. कित्येक तडे आच्छादन काढल्यावरच दिसले. ते सांधे मोठ्या यंत्रांनी, पोकळ तारेने केले होते. वेल्डच्या धातूचा कमी चिवटपणा आणि सांध्यांची रचना ही कारणे होतीच, पण तुळईच्या खालच्या पट्टीच्या वेल्डमध्ये मुळाशी धातू एकजीव न झाल्याच्या जागाही सापडल्या.

डोळ्यांनी वरून पाहून हा दोष कळत नाही, म्हणून नमुना तोडून पाहावा. त्याच जाडीच्या दोन तुकड्यांचा उलटा टी करून एकाच बाजूने वेल्ड द्या. थंड झाल्यावर उभा तुकडा हातोड्याने वेल्डच्या बाजूला वाकवा, म्हणजे सांधा मुळाकडून उघडतो. तुटलेल्या जागी दोन्हीकडे खडबडीत, करड्या रंगाचा धातू फाटलेला दिसला तर जोड झाला होता. एका बाजूला ग्राइंडरचे ओरखडे किंवा खपली जशीच्या तशी दिसली, तर तेथे प्लेट वितळलीच नव्हती. तोडताना डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेत. वेल्डिंग चालू असताना मुलांना प्रज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू देऊ नये. असे दोन तुकडे, एक ३ मिलिमीटरचा आणि एक १२ मिलिमीटरचा, यंत्र त्याच करंटवर ठेवून करून घेतले आणि तोडून प्रयोगशाळेच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवले, तर उष्णतावहनाचा धडा शिकवताना ते वर्षानुवर्षे उपयोगी पडतात.