चुना लावलेला मका

२०१९ च्या जुलैमध्ये मी भाचीकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात महिनाभर राहून आलो. तिथल्या दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी तिनं टेबलावर सहा-सात वाडगे मांडले. एकात मसालेदार खिमा, एकात राजमा, एकात बारीक चिरलेली कोशिंबिरीची पानं, एकात टोमॅटो-कांदा, एकात दह्यासारखं काहीतरी घट्ट, आणि शेवटच्या मोठ्या वाडग्यात मक्याच्या तिकोनी कुरकुरीत चिप्स. ‘‘लेव मामू,’’ एवढं म्हणून ती नमाजला गेली. आता आम्ही सोलापूरची माणसं. एवढे वाडगे एकत्र दिसले की आमच्या डोळ्यांपुढे भेळच येते. मी एक भलं मोठं पातेलं घेतलं, सगळे वाडगे त्यात उपडे केले, चिप्स हातानं चुरून घातल्या, वर लिंबू पिळून छान कालवून ठेवलं आणि सगळे येण्याची वाट बघत बसलो. सगळे आले तोवर पातेल्यात लगदा झाला होता. भाची कपाळाला हात लावून म्हणाली, ‘‘मामू, चिप्स अब्बी नक्को डालते! सब के बाद डालते.’’

त्या पदार्थाचं नाव टाको सॅलड. टाको म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीत, तिकडे तिला टॉर्टिया म्हणतात, सारण ठेवून घातलेली घडी. टाको सॅलडमध्ये तीच घडी उलगडून ताटात मांडलेली असते. सारण खाली, पालेभाजी मध्ये, आणि भाकरी तळून, तुकडे करून वर. चव तिखट, आंबट, थंड आणि गरम एकाच घासात. त्या महिन्याभरात मी ते तीन-चार वेळा खाल्लं, एकदा स्वतः केलं, आणि करता करता त्या चिप्सच्या पाकिटावरच्या एका शब्दापाशी अडकलो. घटक लिहिले होते तीनच-चार: मका, तेल, मीठ आणि चुना. चुना? पानाचा?

त्या चुन्याकडे येण्याआधी हा पदार्थ आला कुठून, ते सांगायला हवं. मेक्सिकोचा म्हणून तो जगभर विकला जातो, पण तो जन्मला अमेरिकेच्या बाजूला. टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोचाच भाग होता. पुढे सीमा सरकली, माणसं आणि त्यांच्या चुली मात्र जागच्या जागी राहिल्या. सॅन अँटोनिओच्या चौकांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिकन बायका संध्याकाळी शेगड्या मांडून मिरचीतलं झणझणीत मटण विकायच्या. लोक त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत. राणी म्हणायचं आणि बसू द्यायचं नाही, हा प्रकार तिथंही झालाच. आरोग्याच्या नियमांचा बडगा दाखवत त्यांना चौकाचौकांतून हलवलं गेलं आणि १९४० च्या दशकात त्या शेगड्या कायमच्या विझल्या. त्यांच्या मसाल्याची पूड करून डब्यात भरणाऱ्यांचा धंदा मात्र जोरात चालला.

चिप्सची कथाही त्याच शहरातली. १९३२ मध्ये चार्ल्स डूलिन नावाच्या माणसानं सॅन अँटोनिओत एका मेक्सिकन गृहस्थाकडून तळलेल्या मक्याच्या चिवड्यासारख्या पदार्थाची कृती आणि साचा १०० डॉलरना विकत घेतला. तो पदार्थ म्हणजे ‘फ्रिटोज’. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, तेव्हा या कंपनीनं तिथं एक उपाहारगृह थाटलं आणि मक्याच्या कुरकुरीत वाटीत टाकोचं सारण भरून द्यायला सुरुवात केली. टाको सॅलडचा पूर्वज तो हाच, असं मानतात. तिकोनी चिप्सचं श्रेय मात्र लॉस एंजेलिसच्या रिबेका वेब कारांझा या बाईला दिलं जातं. १९४० च्या दशकात तिच्या टॉर्टियाच्या कारखान्यात यंत्रातून वाकड्यातिकड्या निघालेल्या भाकऱ्या फेकून द्याव्या लागत. तिनं त्या घरी आणून, त्रिकोणी कापून तळल्या. घरच्यांना आवडल्या, मग दहा सेंटला एक पिशवी असं ती विकायला लागली. शिळ्या भाकरीचा कुटका आणि पोळीचा चुरा करणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटणार नाही.

आता चुना. आपल्याकडे ‘चुना लावणं’ म्हणजे फसवणं. मेक्सिकोत उलट आहे. तिथं चुना लावला नाही तर फसगत होते.

मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या भागात मका ही माणसाची मूळ भाकरी. तिथल्या बायका किमान ३ हजार वर्षांपासून मका तसाच दळत नाहीत. कोरडे दाणे चुन्याच्या पाण्यात मंद उकळतात, रात्रभर त्याच पाण्यात मुरू देतात, सकाळी चोळून धुतात. वरचं चिवट साल सुटून जातं. मग ओला दाणा दगडावर वाटतात. ‘मेटाटे’ नावाचा तो दगड मी तिथल्या संग्रहालयात पाहिला आणि क्षणभर वाटलं, हा आमच्या अम्मीचा पाटा इथं कोणी आणला? फरक इतकाच की त्याला तीन पाय असतात. या चुना दिलेल्या मक्याला आस्तेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत ‘निक्स्टमाल’ म्हणतात. त्या शब्दात राख आणि उकडलेल्या पिठाचा गोळा असे दोन अर्थ जोडलेले आहेत. आपल्या ओळखीचे ‘चिली’, ‘टोमॅटो’ हे शब्दही त्याच भाषेतून निघालेले.

चुन्यानं तीन गोष्टी होतात. पहिली, पीठ चिकटतं. आपण मक्याची भाकरी थापतो तेव्हा कडा फाटतात, गरम पाण्यानं उकड काढावी लागते. निक्स्टमालची मात्र कागदासारखी पातळ टॉर्टिया होते. दुसरी, वास. चिप्सचं पाकीट फोडल्यावर जो ओल्या मातीसारखा, भाजल्यासारखा वास येतो तो नुसत्या मक्याचा नाही, चुन्यात शिजलेल्या मक्याचा आहे. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, आणि तीच सर्वांत मोठी. मक्यात नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं, पण कुलूपबंद. आपल्या आतड्यांना ते कुलूप उघडता येत नाही. चुना ते उघडतो.

स्पॅनिश लोक मका घेऊन गेले. चुन्याची रीत मात्र तिथंच सोडून गेले. त्यांच्या गिरण्या दगडी आणि भक्कम होत्या, कोरडा मका सहज दळला जात होता. मग ‘जंगली’ बायकांची ही चुन्याची खटपट हवी कशाला? १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याला गरीब शेतकऱ्यांमध्ये एक विचित्र रोग दिसला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लाल-काळे चट्टे, गळ्याभोवती माळ घातल्यासारखी खूण. मग जुलाब, मग भ्रम, मग मृत्यू. पुढे इटलीत तोच रोग मका खाणाऱ्या गावांत पसरला. तिथल्या बोलीत त्याला ‘पेलाग्रा’ म्हणू लागले, म्हणजे खरबरीत कातडी. मक्यातच काही विष असेल अशी शंका लोक दीड-दोनशे वर्षं घेत राहिले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत साथीसारखा पसरला. कापसाच्या शेतांवर राबणारे, गिरणीत काम करणारे, अनाथालयातली मुलं आणि वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण, असेच लोक मरत होते. सरकारी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी एक साधी गोष्ट टिपली: अनाथालयात मुलं आजारी पडतात, सांभाळणारे नाहीत. संसर्ग असता तर दोघांनाही झाला असता. १९१५ मध्ये त्यांनी मिसिसिपीच्या एका तुरुंग-शेतावर ११ धडधाकट कैद्यांना, सुटकेच्या बोलीवर, मक्याची भरड, मक्याचा पाव, भात, पाक अशा जेवणावर ठेवलं. काही महिन्यांतच सहा जणांना पेलाग्रा झाला. तरीही टीका थांबेना, तेव्हा गोल्डबर्गर, त्यांच्या पत्नी आणि सहकारी यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, काहींनी त्यांच्या त्वचेच्या खपल्या पिठात घालून गिळल्या. कोणालाही रोग झाला नाही. आजार दारिद्र्याचा आहे, हे ऐकायला मात्र दक्षिणेतले अनेक मोठे लोक तयार नव्हते. कमी पडणारं द्रव्य नायसिन आहे, हे १९३७ मध्ये सिद्ध झालं. तोवर गोल्डबर्गर वारले होते.

हे सगळं जिथं घडलं, तिथून एक-दोन राज्यं ओलांडली की टेक्सासमधल्या मेक्सिकन वस्तीत बायका रोज संध्याकाळी मक्याला चुना घालत होत्या. कोणी त्यांना विचारलं नाही.

आपल्यालाही फार हसण्याचं कारण नाही. १९६० मध्ये हैदराबादच्या प्रयोगशाळेतून डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी दाखवलं की दख्खनमध्ये ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांनाही पेलाग्रा होतो. ज्वारी म्हणजे आमचं सोलापूर! पण रोग ज्वारीमुळे नव्हे, ज्वारीबरोबर दुसरं काहीच न मिळाल्यामुळे. डाळ, दूध, मांस यांपैकी थोडं जरी ताटात असलं तर शरीर आपलं भागवतं. शेंगदाण्यात तर नायसिन भरपूर. भाकरीबरोबर शेंगाचटणी वाढणाऱ्या आमच्या आज्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं.

असो. आता चूल पेटवू. चौघांपुरतं सांगतो.

चिप्स विकतच्या आणल्या तरी चालतील, साध्या मिठाच्या घ्या. घरी करायच्या असतील तर पाव किलो कोरडा मका घ्या, गोड मका नको. लिटरभर पाण्यात पानाला लावतात तो साधा, बिनवासाचा चुना एक छोटा चमचा विरघळवून त्यात मका पाऊण तास मंद आंचेवर उकळा. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला चुना खातो. भिंतीचा चुना चुकूनही नको. रात्रभर ठेवून सकाळी चार पाण्यांत चोळून धुवा, कमीत कमी पाण्यात वाटा. गोळा सैल वाटला तर थोडं मक्याचं पीठ मिसळा. लिंबाएवढे गोळे प्लॅस्टिकच्या दोन कागदांत ठेवून सपाट ताटलीनं दाबा, तव्यावर दोन्हीकडून भाजा, सहा तुकडे करा आणि अर्धा तास हवेवर सुकू द्या. हे भाजणं-सुकवणं टाळू नका. पाणी आधीच कमी झालं की तेल कमी पितात. तळताना बुडबुड्यांकडे लक्ष ठेवा. ते बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारी वाफ. थांबत आले की आतलं पाणी संपलं, काढा. पाणी गेलेल्या जागी ज्या बारीक पोकळ्या राहतात, त्याच दाताखाली कुरकुरतात. आणि त्याच पोकळ्या ओलावा दिसला की आधाशासारखा पितात. माझ्या पातेल्यात तेच झालं होतं.

खिमा अर्धा किलो. तेलात कांदा-लसूण परतून खिमा घाला, सुटलेलं पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. मग दोन चमचे लाल तिखट, एक चमचा जिरेपूड, मीठ, एका टोमॅटोचा रस. भाची ओरेगानो घालते. नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून घाला, वासाची जात जवळची आहे. गरम मसाला नको, नाहीतर तो आपला ईदचा खिमा होईल. शाकाहारी मंडळींनी शिजवलेला राजमा अर्धवट ठेचून याच मसाल्यात परतावा. कसंही केलं तरी कोरडंच हवं.

टोमॅटोच्या बिया काढून फोडी करा, मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवा. केवढं पाणी निघतं ते बघा. मग त्यात कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू. आइसबर्ग नावाचा कोबीसारखा पाला आता आपल्या शहरांतही मिळतो. तो बर्फाच्या पाण्यात ठेवून, फडक्यात गुंडाळून अगदी कोरडा करा. नाही मिळाला तर बारीक चिरलेला कोबी. तिकडे आंबट साय घालतात, मला दह्याचा चक्का थोडं दूध घालून फेटलेला जास्त आवडला. वरून किसलेलं चीज.

वाढायची पद्धत अशी: ताटात आधी पाला, त्यावर कोमट खिमा. कढत घातला तर पाला मान टाकतो. मग टोमॅटो, चक्का, चीज. चिप्सचा वाडगा मध्ये ठेवा, झाकण लावून. प्रत्येकानं आपल्या ताटात, हातात चमचा घेतल्यावर, मूठभर चुरून घालाव्यात. आमच्या नव्या पेठेतला भेळवाला गिऱ्हाईक समोर उभं राहिल्याशिवाय कुरमुऱ्यांना हात लावत नाही. हे मला ठाऊक असूनही सॅन अँटोनिओत मी विसरलो. भाचीनं त्या रात्री तो लगदा फेकला नाही. कढईत घालून, वर चीज पेरून ओव्हनमध्ये भाजला, आणि सकाळी नाश्त्याला मलाच वाढला.