गृहशिक्षण, शाळाबाह्य मूल आणि प्रौढांचा वेळ : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविणे या प्रकाराला आपल्याकडे 'होमस्कूलिंग' या इंग्रजी नावानेच अधिक ओळखले जाते. मराठीत त्यासाठी 'गृहशिक्षण' हा शब्द रूढ होऊ पाहत आहे व प्रस्तुत लेखात तोच योजला आहे. गेल्या दोन-तीन दशकांत मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतील काही सुशिक्षित कुटुंबांनी हा मार्ग जाणीवपूर्वक पत्करला. 'स्वशिक्षण' या नावाने अशा पालकांची देशपातळीवरील संघटनाही उभी राहिली. महाविद्यालयीन अध्यापकांच्या चर्चेत मात्र हा विषय क्वचितच येतो; आला तरी सुखवस्तू लोकांचे खूळ म्हणून त्याची बोळवण होते, किंवा त्याचे भाबडे कौतुक होते.

हा विषय भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या पार्श्वभूमीवर तपासण्याचे कारण भौगोलिक आहे. हे दोन्ही तालुके पुणे शहराच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या कुशीत वसलेले आहेत. शहर हाकेच्या अंतरावर, आणि तरीही पावसाळ्यात काही वाड्यांची वाट बंद, अशी येथील स्थिती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार वेल्हे तालुक्याची लोकसंख्या अवघी ५४ हजारांच्या घरात होती. (या तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, लोकांच्या तोंडी असलेले वेल्हे हेच नाव येथे ठेवले आहे.) शहरातून येऊन शेतावर घर करणारे कुटुंब आणि पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर राहणारे कुटुंब यांची मुले येथे एकाच ओढ्यावर खेळू शकतात. दोन्ही मुले शाळेत जात नसतील, तर शासनाच्या दप्तरी ती एकाच सदरात मोडतात. त्यांच्यात फरक आहे तो नेमका कशाचा, हा या लेखाचा विषय होय.

संकल्पना आणि कायदा

शाळेविषयीची आधुनिक शंका पाश्चात्त्य विचारात ठळकपणे मांडली ती इव्हान इलिच आणि जॉन होल्ट यांनी. इलिच यांचे 'डीस्कूलिंग सोसायटी' हे पुस्तक १९७१ चे. होल्ट आरंभी शाळासुधारणेचे पुरस्कर्ते होते. पुढे शाळा सुधारेल ही आशा सोडून त्यांनी १९७७ मध्ये घरी शिकविणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक काढले. आपल्याकडील गृहशिक्षक पालकांवर होल्ट यांचा प्रभाव विशेष जाणवतो.

तथापि घर हीच शाळा असणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नव्हे. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे सारे प्रारंभीचे शिक्षण आई लक्ष्मीबाई यांच्याकडे झाले, आणि लक्ष्मीबाईंना त्यांचे पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी घरीच संस्कृत शिकविले होते. रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात एक तपशील नोंदविला आहे : दिवसभर घरकामात गुंतलेल्या आईला शिकविण्यास सवड मिळे ती पहाटेपूर्वीच, आणि त्यासाठी ती झोपलेल्या मुलीला मायेने उठवीत असे. गृहशिक्षणाच्या चर्चेत अभ्यासक्रम, पद्धती, मूल्यमापन यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. लक्ष्मीबाईंच्या या पहाटेकडे मात्र दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखकाच्या मते विषयाचे मर्म तेथेच आहे.

आता कायद्याकडे वळू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ नुसार ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकास नजीकच्या शाळेत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे, आणि कलम १० नुसार त्याला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकास शिक्षेची तरतूद मात्र अधिनियमात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या बालकांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. इतर बालकांच्या गृहशिक्षणाविषयी कायदा परवानगीही देत नाही आणि शिक्षाही करीत नाही. तो मौन पाळतो. सहा वर्षांखालील मुलांचा तर या सक्तीशी संबंधच येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ हा वयोगट एकच पायाभूत टप्पा मानला असला, तरी सक्ती सुरू होते ती सहाव्या वर्षी. म्हणजे चार वर्षांचे भावंड घरी असले तर ते केवळ लहान मूल, आणि सात वर्षांचे घरी असले तर ते 'शाळाबाह्य', असा प्रकार एकाच घरात संभवतो.

४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचे राज्यव्यापी सर्वेक्षण एकाच दिवशी झाले. नोंद झालेल्या मुलांच्या बोटाला मतदानाप्रमाणे शाई लावण्यात आली. पालावरचे, वीटभट्टीवरचे, गुरांमागचे मूल शोधण्यासाठी ती मोहीम होती आणि ती आवश्यकच होती. परंतु मूल शाळेत का नाही, आणि शाळेच्या वेळात त्याच्याजवळ कोण असते, या प्रश्नांची उत्तरे शाईतून मिळत नाहीत.

गृहशिक्षण घेणाऱ्या घराचा दिवस

विवेचनाच्या सोयीसाठी गुंजवणी खोऱ्यातील एखाद्या गावाच्या कडेला राहणारे एक कुटुंब कल्पावे. आई-वडील पदवीधर, मोठी मुलगी सात वर्षांची, धाकटा मुलगा चार वर्षांचा. वडील पुण्यातील नोकरीचे काम बरेचसे घरून करतात. आईने नोकरी सोडली आहे. (सोडते ती बहुधा आईच. गृहशिक्षणावरील उत्साही लेखनात हे वाक्य सहसा आढळत नाही.)

बाहेरच्या माणसाला वाटते की अशा घरात सकाळी अकरा ते पाच वर्ग भरत असेल. वस्तुतः लहान मुलांच्या बाबतीत बसून शिकण्याचा भाग दिवसाकाठी तास-दीड तासाच्या पुढे जात नाही, आणि तेवढा पुरतोही. चाळीस मुलांच्या वर्गात हजेरी, रांगा, गप्प बसविणे, मागे राहिलेल्यांसाठी थांबणे यांत जो वेळ जातो तो येथे जात नाही. मुलगी सकाळी वाचते; अडली तर विचारते. धाकटा त्याच वेळी मांडीवर येऊन बसतो, पुस्तकातील चित्रावर बोट ठेवतो, पेन्सिल मागतो आणि ती मिळाली नाही की रडतो. दोन लहान मुलांच्या घरात मोठ्याचे शिक्षण हे पुष्कळ अंशी धाकट्याच्या झोपेवर अवलंबून असते. अभ्यासाचे वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवणारे पालक ते पहिल्या पावसाळ्यापर्यंत तरी पाळतात की काय, याविषयी शंका आहे.

उरलेला दिवस रिकामा नसतो, आणि येथेच भोर-वेल्ह्याचा परिसर शिक्षकाचे काम करतो. हा भाताचा मुलूख आहे. आंबेमोहर आणि इंद्रायणी ही येथील परिचित वाणे. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, गवत पसरून रोपांची जागा भाजतात, त्याला राब म्हणतात. पहिल्या पावसात त्यावर बी पडते, तीनेक आठवड्यांत रोप उपटण्याजोगे होते आणि जुलैत चिखलणी करून लावणी सुरू होते. सात वर्षांच्या मुलीला कालगणना शिकविण्यास याहून चांगले साधन नाही : पेरणीचा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावा आणि रोपाची उंची दर आठ दिवसांनी काठीवर नोंदवीत जावी. राख जमिनीला काय देते, भाजल्याने तणाचे बी मरते की नाही, असे प्रश्न ती स्वतःच विचारू लागते. उत्तर आईला ठाऊक नसेल तर शेजारच्या आजींना ठाऊक असते.

गणिताचे उदाहरण याहून बोलके आहे. बाजारात आज सर्व व्यवहार किलोने होत असले, तरी खेड्यातील पुष्कळ घरांत धान्य मोजण्यास मापटे आणि शेर अद्याप टिकून आहेत. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली, दोन अधोल्या म्हणजे एक पायली. चिपट्याखाली कोळवे आणि त्याखाली निळवे, तीही दुपटीनेच. म्हणजे पायलीत १६ चिपटी आणि ६४ निळवी. धान्याच्या राशीशी बसून ही मापे भरणारे मूल अर्धा, पाव, अर्धपाव हे अपूर्णांक हाताने शिकते. 'एक छेद चार' असे लिहावयास शिकण्यापूर्वी चार वेळा ओतून पाहिलेले असल्यामुळे पावाची त्याला भीती उरत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने पाठ केलेली पावकी-निमकी याच व्यवहारातून आली होती.

परंतु या चित्रातील एक गोष्ट विसरता कामा नये. मापटे हाती दिले म्हणून मूल अपूर्णांक शिकत नाही. शेजारी बसून 'आता किती वेळा भरलेस?' असे विचारणारे, चुकले तर न रागावता पुन्हा ओतू देणारे, घाई नसलेले माणूस तेथे लागते. लावणीच्या दिवसांत ज्या बाईला पहाटे भाकऱ्या थापून चिखलात उतरायचे असते, तिच्या घरात मापटे आहे, रास आहे, राब आहे, मूलही आहे; नाही तो फक्त विचारण्यापुरता वेळ. उलट अशा दिवसांत तिच्या सात वर्षांच्या मुलीकडे धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम येते. कल्पिलेल्या कुटुंबाने जे विकत घेतले आहे ते एका पगारावर पाणी सोडून मिळविलेले आईचे दिवस होत.

या घरातील मुलांना उणीव भासते ती सोबतीची. सकाळी दहाच्या सुमारास गावातील मुले शाळेत जातात आणि आळी ओस पडते. पाचनंतर ती परततात तेव्हा घरी शिकणारी मुलगी अंगणात वाट पाहत उभी असते. मे महिन्यात, करवंदे पिकतात तेव्हा, सारी मुले सारखीच मोकळी असतात आणि हा भेद मिटतो. जूनच्या मध्यास तो पुन्हा उभा राहतो. 'पोरीला शाळंत का नाही घातली?' हा शेजाऱ्यांचा प्रश्न पालकांना टोचतो खरा. तथापि त्यामागे चौकशीपेक्षा काळजीच अधिक असते, कारण या वाड्यांनी शाळा मिळविण्यासाठी पुष्कळ खेपा घातलेल्या आहेत.

वाडीवरचे मूल

महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अंतरात शाळा असावी. डोंगरपट्ट्यात हा नियम पाळताना अगदी लहान शाळा निर्माण होणे अटळ होते. याच पट्ट्यातील चांदर गावची शाळा २०१८ साली वृत्तपत्रांतून गाजली : एक शिक्षक आणि एकच विद्यार्थी. शिक्षक बिकट वाटेने रोज तेथे पोहोचत असत. इतर मुले गावाबाहेर गेलेली होती. एका मुलासाठी एक प्रौढ, हे गृहशिक्षणाचे जे वैभव मानले जाते ते येथे शासकीय शाळेत अवतरले होते. मात्र मुलाला खेळायला कोणी नव्हते. त्या शिक्षकांचे कष्ट मोठेच. पण खासगी घर असो वा सरकारी शाळा, लहान मुलाला प्रौढाचा वेळ आणि बरोबरीची मुले या दोन्ही गोष्टी लागतात, आणि डोंगरात एक मिळाली की दुसरी हातची जाते.

सोबतीचा प्रश्न सोडविण्याचा शासकीय प्रयत्न म्हणजे समूह शाळा. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने वीसहून कमी पट असलेल्या शाळांसाठी असे प्रस्ताव मागविले, तेव्हा नमुना म्हणून दोन ठिकाणे पुढे ठेवली होती : नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि वेल्हे तालुक्यातील पानशेत. आसपासच्या छोट्या शाळांतील मुलांना वाहनाने एका मोठ्या शाळेत आणावयाचे, ही त्यामागील कल्पना. तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली. सोयी, ग्रंथालय, विषयवार शिक्षक हे लाभ खरे आहेत. पण सहा वर्षांचे मूल वाहनापर्यंत नेऊन सोडण्यास आणि संध्याकाळी उतरवून घेण्यास पुन्हा घरातील कोणाचा तरी वेळ लागतो. गुरांमागे असलेल्या गवळी धनगराच्या घरात तो कोणाचा असावा? वाहन चुकले की त्या दिवशी मूल घरीच, आणि तसे दिवस साचत गेले की ते पुन्हा शाळाबाह्य.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी या पेचावर वेगळा तोडगा काढला होता. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेले आणि पुढे कोसबाडला गेलेले त्यांचे काम आदिवासी मुलांत चालले. मुले गुरे राखतात म्हणून येत नाहीत, असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. अंगणवाडीप्रमाणे तिचे नाव कुरणशाळा. शिकविणारे माणूस मुलाच्या वेळेप्रमाणे आणि मुलाच्या जागी जाते, ही तिच्यातील मूळ कल्पना होती.

महाविद्यालयाच्या दाराशी

दोन्ही प्रकारची मुले कालांतराने आपल्याकडे येतात. पहिली बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा देऊन येतात; तिच्या अ, ब, क या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष आहेत आणि दहावी-बारावीच्या परीक्षाही ती घेते. राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ असून ते पाचवी, आठवी, दहावी व बारावी या स्तरांवर परीक्षा घेते. दुसरी बहुधा राज्य मंडळाचा १७ क्रमांकाचा अर्ज भरून येतात. त्या अर्जासोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला, किंवा तो नसल्यास दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र मागितले जाते. कधी तरी शाळेत गेलेल्या मुलाला तो मिळतो. जे मूल शाळेत गेलेच नाही त्याच्याजवळ तो कोठून असणार? आपल्या कार्यालयातील लिपिकाने खिडकीवर पहिल्यांदा मागितलेला कागद हाच असतो, आणि मुक्त मंडळाचे प्रमाणपत्र व स्थलांतर प्रमाणपत्र हाती असूनही त्यापायी विद्यार्थ्याला दोन-तीन फेऱ्या पडतात. प्रवेश समितीवर काम करणाऱ्या अध्यापकांनी जूनपूर्वीच कार्यालयाशी या बाबी बोलून घेतल्यास निदान या फेऱ्या तरी टळतील.

वर्गात आल्यावर यांतील एक विद्यार्थी न विचारता प्रश्न विचारतो म्हणून आगाऊ ठरतो आणि दुसरी विद्यार्थिनी विचारले तरी बोलत नाही म्हणून मठ्ठ ठरते. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाकडून अर्धे पान लिहून घ्यावे : तुम्ही आजवर कोठे शिकलात, शिकविण्यास कोण बसत असे, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी.