स्वस्त पद्धत कोणती? आधी सांगा, पैसा किती टक्क्यांचा!

व्हिडिओखाली नेहमीचा प्रश्न असतो: "सर, मशीन घेऊ की माणसं लावू? स्वस्त काय पडेल?" माझं उत्तर ठरलेलं आहे. पैसा कितीने उचलताय, ते आधी सांगा.

हा प्रश्न जुनाच आहे. डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने 1821 मध्ये आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर नवं प्रकरण घातलं. त्याचं म्हणणं असं, की यंत्र आणि मजूर यांची कायम स्पर्धा असते, आणि बऱ्याचदा मजुरी वाढल्याशिवाय यंत्र परवडत नाही. म्हणजे कुठलीच पद्धत मुळात स्वस्त किंवा महाग नसते. मजुरी आणि व्याज ते ठरवतात.

पुढे 1960 मध्ये पिएरो स्राफा यांनी एक गंमत दाखवली. व्याज वाढलं की आपण पद्धत बदलतो. पण व्याज आणखी वाढलं, तर सोडलेली पद्धतच पुन्हा स्वस्त ठरू शकते! पॉल सॅम्युएलसन यांनी 1966 मध्ये 7, 2 आणि 6 असे साधे आकडे घेऊन हे मान्य केलं. तेच आकडे आपण रोपवाटिकेला लावून बघू.

समजा, तुम्हाला आंब्याची मोठी कलमं विकायची आहेत.

पद्धत अ: विक्रीच्या 2 वर्षं आधी छोटी कलमं विकत घ्या. खर्च 70 हजार.

पद्धत ब: 3 वर्षं आधी कोयी लावा, खर्च 20 हजार. मग 1 वर्ष आधी कलमं बांधा, खर्च 60 हजार.

आता वर्षाला चक्रवाढ धरून एकूण खर्च बघा:

- बँकेचं 12 टक्के: अ 87,808 रुपये, ब 95,299 रुपये. अ स्वस्त.
- महिना शेकडा 5, म्हणजे वर्षाला 60 टक्के: अ 1,79,200, ब 1,77,920. ब स्वस्त.
- महिना शेकडा 10, म्हणजे 120 टक्के: अ 3,38,800, ब 3,44,960. परत अ स्वस्त!

असं का? 'अ'मध्ये सगळा पैसा 2 वर्षं अडकतो. 'ब'मध्ये मोठी रक्कम फक्त 1 वर्ष अडकते, म्हणून मधल्या दराला ती बरी पडते. पण 120 टक्क्यांना तेच सुरुवातीचे 20 हजार 3 वर्षांत 2,12,960 होतात आणि सगळा फायदा खातात.

आता खरी गोष्ट बघा. दोन पद्धतींत फरक काही हजारांचाच आहे. पण बँकेकडून सावकाराकडे गेलात, की तोच माल 88 हजारांवरून 3 लाख 39 हजारांवर जातो. पद्धतीवर डोकं खाजवण्याआधी पैशाचा दर खाली आणा.

म्हणून आज वहीत तीन रकाने आखा: खर्च किती, विक्रीच्या किती आधी करायचा, आणि त्यावर व्याज किती. स्वतःची बचत घालत असाल, तरी तिच्यावर निदान एफडीचं व्याज धरा. तो पैसा फुकटचा नाही. मशीनवाल्याचं कोटेशन आलं, की ते याच तीन रकान्यांत बसवा आणि मगच सही करा.

तुमचे आकडे कमेंटमध्ये टाका, आपण मिळून हिशेब करू!